आउटबोर्ड मशीनचा जोर कमी झाला, तर कारण कोठे शोधावे?

जुलै महिन्याचा दुसरा रविवार कॅथलिक ख्रिस्तसभेत 'सागर रविवार' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जगभरच्या खलाशांसाठी, मच्छीमारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी विशेष प्रार्थना केली जाते. आपल्या किनाऱ्यावर त्या सुमारास पावसाळी मासेमारी बंदी चालू असते. होड्या वर ओढलेल्या असतात, फाटलेली जाळी शिवली जात असतात आणि लहान होड्यांची आउटबोर्ड मशीने पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवलेली असतात. नारळी पौर्णिमेनंतर ही मशीने पुन्हा होडीला लागतात आणि मग अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : "मशीन चालू होते, पण जोर देत नाही."

ही तक्रार आम्हाला किरकोळ वाटत नाही. मशीन मुळीच चालू झाले नाही, तर मनुष्य किनाऱ्यावरच राहतो. अर्धवट जोर देणारे मशीन मात्र त्याला समुद्रात नेते आणि परत आणताना दगा देते. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या किनाऱ्यावरची एक होडी खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत अडकली होती. होडीत तिघे जण होते. मशीन मोठ्याने ओरडत होते, तरी होडी तसूभरही पुढे सरकत नव्हती. अखेरीस नांगर टाकून ओहोटी सरेपर्यंत थांबावे लागले आणि किनाऱ्यावर त्या तीन घरांतील माणसे अंधारात वाट पाहत उभी राहिली. त्या मशीनचे प्लग त्याआधी दोनदा बदलले होते, कार्बोरेटर दोनदा साफ केला होता आणि कोणीतरी नवे पिस्टन टाकण्याचा सल्लाही दिला होता. खरा दोष यांपैकी कशातच नव्हता. तो कोठे होता, हे पुढे येईलच.

दोष शोधण्यालाही एक क्रम असतो, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. जे बाहेर दिसते, ज्याला खर्च लागत नाही, ते आधी पाहावे. जे आत आहे, ज्यासाठी मशीन उघडावे लागते, ते शेवटी पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. आमच्या डोळ्यांसमोर पेट्रोलवर चालणारे, दोन सिलिंडरचे, जुन्या पद्धतीचे टू-स्ट्रोक मशीन आहे. लहान होड्यांवर अशी अनेक मशीने अद्याप काम करीत आहेत.

प्रथम कान द्यावा

जोर कमी असणे म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवले पाहिजे. येथे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात रेस पूर्ण दिली तरी इंजिनाचा आवाज चढत नाही. इंजिन दबलेले, गुदमरलेले वाटते. दुसऱ्या प्रकारात आवाज नेहमीपेक्षा जास्त चढतो, पण होडी मात्र चालत नाही. पहिल्या प्रकारात इंजिनात दोष असू शकतो किंवा त्याच्यावर भार अधिक पडत असतो. दुसऱ्या प्रकारात इंजिन बहुधा निरोगी असते आणि त्याची शक्ती पाण्यापर्यंत पोहोचत नसते.

वर सांगितलेल्या होडीचा दोष दुसऱ्या प्रकारचा होता. बहुतेक मशीनच्या पंख्याच्या मध्यभागी रबराची बुश दाबून बसवलेली असते. पंखा खडकावर किंवा लाकडावर आपटला, तर धक्का रबराने सोसावा आणि गिअर वाचावेत, ही त्यामागील योजना. जुने झालेले रबर आपली पकड सोडते. मग हळू चालताना पंखा बरोबर फिरतो, पण रेस वाढवताच आतील दांडा फिरत राहतो आणि पंखा मागे पडतो. याची परीक्षा सोपी आहे. बुशच्या आतील धातूच्या नळीवरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि पूर्ण रेस देऊन एक फेरी मारून यावी. परत आल्यावर रेघ तुटून दोन ठिकाणी दिसली, तर बुश घसरत आहे असे समजावे. तांडेलाने कानावर विश्वास ठेवला असता, तर त्याचे पैसे वाचले असते आणि ती रात्रही टळली असती. काही जुन्या लहान मशीनमध्ये रबराऐवजी धातूची बारीक पिन असते. ती मोडली की पंखा फिरतच नाही. अशी एक जादा पिन होडीत कायम ठेवावी.

होडी आणि पंखा

इंजिनाला हात लावण्यापूर्वी होडीभोवती एक फेरी मारावी. बुडाला शेवाळ व कवचे चिकटली असतील, तर होडी पाण्यात ओढली गेल्यासारखी चालते. होडीच्या तळाशी साचलेले पाणीही भारच असते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. जणू दीड माणूस फुकट बसलेला. तेव्हा पाणी उपसून आणि नेहमीएवढीच माणसे व सामान घेऊन चाचणी करावी.

त्यानंतर पंखा काढून पाहावा. नायलॉनची दोरी, तंगूस, प्लॅस्टिकची पिशवी हे आजच्या समुद्रातील नेहमीचे शत्रू आहेत. पंख्यामागे अडकलेली तंगूस गिअरपेटीचे सील कापते. मग पेटीतील तेलात पाणी शिरते आणि तेल दुधासारखे पांढरट होते. पात्याची कड वाकली वा तुटली असेल, तरीही जोर घटतो. पंखा मागे कोणी बदलला होता का, हेही विचारावे. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो सैद्धांतिकदृष्ट्या जितके अंतर पुढे जाईल ते माप, एका इंचाने वाढला, तर इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० ने कमी होतात. दुसऱ्याच्या होडीवर छान चालणारा पंखा आपल्या होडीला जड पडू शकतो.

मशीनची उंचीही पाहावी. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती साधारण होडीच्या बुडाच्या पातळीत असावी. मशीन फार वर बसले, तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, आवाज एकदम चढतो आणि होडी मंदावते. फार खाली बसले, तर पाण्याचा अडथळा वाढतो. आखूड पायाची मशीने सुमारे १५ इंच आणि लांब पायाची सुमारे २० इंच उंचीच्या मागच्या फळीसाठी बनवलेली असतात. जुने मशीन विकत घेताना हे माप पुष्कळदा विसरले जाते.

पाण्याची धार आणि रेसची तार

मशीन सुरू केल्यावर मागील बाजूने पाण्याची धार आली पाहिजे. ती आली नाही किंवा क्षीण असली, तर मशीन तत्काळ बंद करावे. थंड पाणी वर चढवणाऱ्या रबरी चक्राला इम्पेलर म्हणतात. ते कोरडे फिरले, तर काही सेकंदांतच खराब होऊ लागते. म्हणून किनाऱ्यावर मशीन कधीही पाण्याशिवाय चालवू नये. पिंपात पाणी भरून त्यात मशीनचा पाय बुडवावा, पंखा काढून ठेवावा आणि फक्त मंद गतीने चालवावे. खऱ्या पाण्यात, भारासह घेतलेली चाचणीच जोराविषयी खरे सांगते. तापलेल्या इंजिनाचा जोर घटतो आणि अखेरीस पिस्टन चिकटतो. धार क्षीण असेल, तर आधी तिच्या बाहेर पडण्याच्या छिद्रातील मीठ व वाळू काढावी. तरीही सुधारणा न झाल्यास इम्पेलर तपासावा. खाऱ्या आणि गढूळ पाण्यात चालणाऱ्या मशीनचा इम्पेलर दर हंगामाच्या आरंभी पाहणे योग्य ठरते.

याच टप्प्यावर आणखी एक फुकटची तपासणी आहे. इंजिन बंद ठेवून झाकण काढावे, एकाने रेस पूर्ण द्यावी आणि दुसऱ्याने कार्बोरेटरच्या तोंडातील झडप पाहावी. झडप पूर्ण उघडली पाहिजे. तार ताणली गेल्यामुळे किंवा गंजल्यामुळे ती पाऊणच उघडत असेल, तर मशीन कितीही चांगले असले तरी पाऊणच जोर देईल. चोक अर्धवट बंद राहत नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

इंधनाची वाट

जोर कमी होण्याच्या तक्रारींत इंधनाचा वाटा मोठा असतो. येथे टाकीपासून इंजिनापर्यंत क्रमाने यावे. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला, तर पेट्रोल खेचले जाते, पण त्या जागी हवा आत येत नाही. टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही मिनिटांनी मशीन दम सोडते. नळीवरचा रबरी फुगा चपटा होत असेल, तर त्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला, अडथळा आहे असे ओळखावे. फुगा कधीच घट्ट होत नसेल, तर कोठेतरी हवा शिरते आहे, पेट्रोल गळते आहे किंवा फुग्यातील झडप निकामी झाली आहे. नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडात बारीक रबरी रिंगा असतात. त्या झिजलेल्या असल्या, तरी बाहेरून काही दिसत नाही.

आता एक महत्त्वाची परीक्षा. खुल्या व सुरक्षित पाण्यात पूर्ण रेसवर मशीन दमू लागले, की सोबत्याने फुगा हाताने दाबत राहावा. त्याने जोर परत आला, तर इंजिनाला पेट्रोल कमी मिळत आहे, हे सिद्ध झाले. मग इंधनपंपातील पातळ पडदा, जाळी आणि नळ्या पाहाव्यात. हा पडदा इंजिनाच्या पोटातील दाबाच्या ठोक्यांवर हलतो. त्याला चीर पडली, तर मंद गतीला पुरेल एवढे पेट्रोल येते, पण पूर्ण रेसला ते अपुरे पडते.

जुन्या मशीनच्या मालकांनी आजच्या पेट्रोलविषयीही सावध असावे. आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने विक्रीस आले आणि २०२५ मध्ये ते सर्वसाधारण झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि समुद्रकिनारी ओलाव्याची वाण नसते. पाणी मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन टाकीच्या तळाशी बसतात. मशीन तळाचेच इंधन ओढते आणि त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते. जुन्या रबरी नळ्या व पडदेही अशा इंधनाने फुगतात किंवा ठिसूळ होतात. म्हणून लागेल तेवढेच ताजे पेट्रोल आणावे, पावसाळ्यात टाकी रिकामी करून ठेवावी आणि संशय आल्यास थोडे इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला, तर ते इंधन मशीनला देऊ नये.

तेलाचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. पन्नासास एक या प्रमाणात १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल लागते आणि पंचविसास एक असेल, तर ४०० मिलिलिटर. तेल अंदाजाने न ओतता मापाने घालावे. जास्त झाल्यास प्लग काळे पडतात व कार्बन साचतो. कमी झाल्यास पिस्टन जळतो.

ठिणगी आणि दाब

दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एक सिलिंडर मेला, तरी मशीन चालू होते, मंद गतीला थरथरत का होईना पण चालते, आणि मालकाला वाटते की पेट्रोलच खराब आहे. यासाठी दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवावेत व ते कोणत्या सिलिंडरचे आहेत, याची खूण करावी. दोन्ही फिकट तपकिरी असले, तर उत्तम. एक कोरडा आणि दुसरा तेलकट, काळा व ओला असेल, तर त्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही किंवा दाब नाही. ठिणगी पाहण्यासाठी साधे परीक्षक यंत्र वापरावे. चालू मशीनची प्लगची तार हाताने ओढण्याची पद्धत धोकादायक आहे. तिने जोराचा झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनही जळू शकते. कॉइल जेथे इंजिनाला जोडलेली असते, तेथे मिठाने हिरवट गंज चढतो. तो घासून काढल्यावर पुष्कळदा नवी कॉइल घेण्याची गरजच उरत नाही.

यानंतर दाब मोजावा. हे काम मिस्त्रीकडे असलेल्या दाबमापकाने पाच मिनिटांत होते. दोन्ही प्लग काढावेत, प्लगच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडून ठेवाव्यात, रेस पूर्ण उघडावी आणि दोरी चार-पाच वेळा जोराने ओढावी. अनेक लहान टू-स्ट्रोक मशीनमध्ये हा दाब दर चौरस इंचाला ९० ते १२० पौंडांच्या दरम्यान असतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. आकड्याइतकाच दोन्ही सिलिंडरमधील फरक महत्त्वाचा आहे. तो १० टक्क्यांहून फार अधिक असेल, तर पिस्टनच्या रिंगा, हेडचे गॅसकेट किंवा सिलिंडर यांत दोष असण्याची शक्यता मोठी. कार्बोरेटरचे सुटे भाग विकत घेण्यापूर्वी ही मोजणी आवर्जून करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. दाबच नसेल, तर नव्या कार्बोरेटरचा काही उपयोग होत नाही.

कार्बोरेटर आणि शेवटच्या शक्यता

येथवर सर्व ठीक असेल, तरच कार्बोरेटर उघडावा. त्यात मंद गतीसाठी आणि पूर्ण गतीसाठी वेगवेगळी बारीक छिद्रे असतात. चार महिने साठलेले पेट्रोल उडून गेले, की मागे डिंकासारखा थर उरतो आणि मुख्य जेट अर्धवट बुजते. तेव्हा मशीन हळू छान चालते, पण रेस दिली की गुदमरते. जेट साफ करताना तार वा सुई आत घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले, तरी मिश्रण बिघडते. योग्य द्रावण व दाबाची हवा वापरावी. दोन कार्बोरेटर असतील, तर दोन्हींच्या झडपा एकाच वेळी उघडतात ना, हेही पाहावे.

तरीही जोर न आल्यास तीन शक्यता उरतात. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे शिंतोडे मागे उडत असतील, तर आतील रीड झडपेचे पाते तुटलेले किंवा वाकलेले असू शकते. धूर बाहेर जाण्याची वाट कार्बनने अरुंद झाली असेल, तर इंजिन श्वास सोडू शकत नाही. आणि रेस वाढताना ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी जोडणी अडकली असेल, तरी जोर घटतो. ही कामे मात्र अनुभवी मिस्त्रीचीच आहेत. त्याच्याकडे जाताना आपली वही सोबत न्यावी. काय तपासले, काय सापडले, दाब किती आला, हे त्याला दाखवले, तर त्याचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात.

निरोगी दिवसाची नोंद

आजारी माणसाला किती ताप आहे, हे आपण सांगू शकतो, कारण निरोगी शरीराचे तापमान आपल्याला ठाऊक असते. मशीनचेही तसेच आहे. ते उत्तम चालत असताना, भरती-ओहोटीची ओढ नसेल अशा वेळी दोन ठरावीक खुणांमधील अंतर जाऊन-येऊन किती मिनिटांत कापले, किती माणसे होती, पेट्रोल किती लागले, हे लिहून ठेवावे. पुढे दरमहा तीच फेरी मारली, तर जोर घटू लागल्याचे खाडीच्या मुखाशी नव्हे, तर वहीच्या पानावर कळेल. दररोज परतल्यावर दहा-पंधरा मिनिटे गोड्या पाण्याने मशीन धुण्याची सवय लावली, तर यांतील निम्म्या व्याधी जवळही येणार नाहीत.

चाचणीला जाताना कधी एकट्याने जाऊ नये. अंगात जीवरक्षक जाकीट असावे, मशीन बंद करणारी सुरक्षा दोरी मनगटाला बांधलेली असावी आणि होडीत वल्ही, नांगर, जादा प्लग व पाना असावा. समुद्रात संकट आल्यास भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाला तोंडपाठ असावा. आणि ज्या मशीनविषयी मनात शंका आहे, ते घेऊन खाडीबाहेर जाऊ नये. एका दिवसाची मासळी बुडाली, तर ती पुन्हा मिळते.

प्रभू येशूने आपले पहिले शिष्य निवडले, तेव्हा ते कोळी बांधव कोणी जाळी धूत होते, तर कोणी ती नीट करीत होते, असे शुभवर्तमान सांगते. किनाऱ्यावर बसून साधनांची निगा राखणे हा त्यांच्या दिवसाचाच भाग होता. हंगामाच्या आरंभी आपण होड्यांवर आशीर्वाद मागतो, तीर्थ शिंपडून घेतो. त्या आशीर्वादापूर्वी पंखा, नळी, प्लग आणि पाण्याची धार आपल्या हाताने तपासून घेणे, हाही घरी वाट पाहणाऱ्या माणसांवरील प्रेमाचाच एक भाग आहे, असे आम्हाला वाटते.